वाचकांचे प्रश्न : बुरूज, वेस आणि चुना

गेल्या अंकात सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाबद्दल लिहिले, त्यावर आलेली पत्रे बहुतेक बुरुजांबद्दलच आहेत. उत्तरे देण्याआधी माझी बाजू सांगतो. माझे वडील गवंडी होते. आमचे घर कसब्यात होते आणि जवळच चुन्याची घाणी होती. ती बैलाने फिरायची आणि तिच्या दगडी चाकाचा घरघराट ऐकतच आम्ही पोरे झोपायचो. पुढे मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर झालो. आता निवृत्त आहे. त्यामुळे मला राजांपेक्षा दगडांची ओळख जास्त आहे, आणि उत्तरेही त्याच वाटेने येतील.

प्रश्न : काका, आम्ही मैत्रिणी किल्ल्यात गेलो होतो. बुरूज पहाऱ्यासाठी असतो असे शाळेत शिकलो. पण पहाऱ्याला दोन-चार पुरले असते, मग इतके जवळजवळ कशाला? आणि बुरूज गोल का बांधतात?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : पोरी, बुरूज मोजून तू गणित घातलेस, हे मला फार आवडले. पहाऱ्यापुरते खरेच दोन-चार पुरले असते.

पुन्हा जाशील तेव्हा फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, उभी राहा आणि चर्यांच्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या दगडी दातांच्या, मधून बाहेर बघ. खंदकाचा पलीकडचा काठ दिसेल, झाडे दिसतील, पूर्वेच्या बाजूला सिद्धेश्वर तलावाचे पाणी दिसेल. आता तू ज्या तटावर उभी आहेस त्याचाच पाया दिसतो का बघ. दिसत नाही. तो दिसायचा तर कमरेपासून बाहेर वाकावे लागेल. (वाकू नकोस. कठड्याचे दगड कुठे कुठे हलतात.) लढाईत असे वाकणारा शिपाई खालून टिपला जायचा. म्हणजे खंदक ओलांडून जो तटाला येऊन चिकटला, तो वरच्या माणसापासून सुटला. मग तो पहारीने दगड काढेल, पायात सुरुंग भरेल, शिडी लावेल.

बुरूज यासाठीच तटाच्या पुढे काढलेला असतो. त्याच्या कुशीतून बघितले की शेजारच्या तटाचा पाया आडवा, सरळ नजरेत येतो. प्रत्येक बुरूज आपल्या डाव्या-उजव्या तटाचा पाया राखतो, आणि त्याचा स्वतःचा पाया शेजारचे बुरूज राखतात. म्हणून दोन बुरुजांमधले अंतर एका माऱ्याचे ठेवायचे. आधी बाणाच्या टप्प्यात, पुढे बंदुकीच्या. मधला एखादा बुरूज ढासळला की दोन्हीकडचा तट आंधळा होतो, आणि तोफा लावणारा शत्रू तेच साधायला बघतो.

आता गोलाईचे. वहीच्या पानावर तटाची रेघ ओढ आणि तिच्यावर दोन चौकोनी बुरूज काढ. एका बुरुजावरून दुसऱ्याकडे नजरेच्या रेघा मार. चौकोनाच्या पुढच्या भिंतीसमोर एक तिकोनी जागा अशी उरते की जिथे कुठल्याच बुरुजाची नजर पोचत नाही. चौकोनाच्या जागी गोल काढलास की ती जागा एवढीशी होते. हे पहिले कारण.

दुसरे कारण हातात वीट घेतली की कळते. वीट पडली तर आधी कोपरा जातो. कोपऱ्याच्या दगडाला दोन बाजूंनी आधार नसतो, पहार तिथेच घालतात. गोल भिंतीला असा कोपराच नाही. तोफगोळाही वळणावर आदळला तर पुष्कळदा घसरून बाजूला जातो. शिवाय गोलाईतले दगड पाचरीसारखे घडवून एकमेकांत बसवलेले असतात, बाहेरून दाबले की जास्तच आवळतात. आपल्या शेतातल्या जुन्या विहिरीचे कडे भोवतालच्या मातीचा दाब याच रीतीने पेलते. बुरुजाचे पोट बहुधा भरीव असते. दगडगोटे, मुरूम आणि चुना यांच्या त्या भरावात गोळ्याचा धक्का जिरतो.

मग सगळेच बुरूज गोल का नाहीत? कारण गोल बुरूज बांधायला अवघड. वडील म्हणायचे, ‘चौकोन गुण्या-ओळंब्यावर चढतो, गोलाईला दर थराला दोरी आखडावी लागते.’ (गुण्या म्हणजे काटकोन बघायचे हत्यार, ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन.) बुरूज खाली रुंद आणि वर निमुळता, त्याला ढाळ असतो. मधोमध खुंटी, खुंटीला दोरी. थर चढला की खुंटी वर घ्यायची आणि दोरी बोटभर कमी करायची. प्रत्येक थराचा घेर वेगळा, म्हणून प्रत्येक थराच्या दगडाची गोलाईही वेगळी घडवायची. एका थराला दोरी आखडायची राहिली तर बुरुजाला तिथे ओठ येतो. हे कळल्यापासून मला गोल बुरुजापुढे नुसते ‘छान आहे’ म्हणून पुढे जाता येत नाही.

जमले तर नळदुर्गला जाऊन नवबुरूज बघ. त्याची बाहेरची बाजू एका गोलाईची नसून पाकळ्या जोडाव्यात तशी आहे. तिथे दोरी कशी फिरवली असेल, हा विचार मी प्रत्येक खेपेला करतो.

प्रश्न : तटातल्या अरुंद भोकांना आणि वरच्या दातांना नेमके काय म्हणायचे? सहलीत मुले विचारतात.
— एक शिक्षक, मोहोळ

उत्तर : गुरुजी, वरच्या दातांना किंवा पाकळ्यांना चर्या म्हणतात, भिंतीतल्या भोकांना जंग्या. एक असली तर जंगी. मुलांना जंगीत आतून हात घालायला सांगा. आतून रुंद, बाहेर अरुंद आणि खाली उतरती, हे हातालाच कळेल. बंदूक आतून डावी-उजवी फिरावी, बाहेरच्याला मात्र नेम धरायला चिरीएवढीच जागा मिळावी, म्हणून ती तशी. काही ठिकाणी एकाच कोनाड्यातून तीन जंग्या फुटतात, एक समोर आणि दोन बाजूंना. आधी विंचू-साप नाही ना ते बघा, मग हात घालू द्या.

प्रश्न : माझे सासर बाळीवेशीत. लग्न होऊन आले तेव्हापासून विचारते आहे, वेस कुठे आहे? कोणी धड सांगत नाही. तुळजापूर वेस, विजापूर वेस अशीही नावे आहेत. या वेशी होत्या तर गेल्या कुठे?
— एक गृहिणी, बाळीवेस

उत्तर : ताई, वेस म्हणजे गावाच्या तटातला दरवाजा, आणि आपल्या गावाला खरोखर तट होता. किल्ल्याचा तट वेगळा. किल्ला नैर्ऋत्य बाजूला, आणि पेठा पोटात घेऊन उभा असलेला गावचा तट निराळा. त्याचा घेर सुमारे अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटरच्या आसपास होता. ज्या दरवाजातून तुळजापूरची वाट निघायची ती तुळजापूर वेस, विजापूरची निघायची ती विजापूर वेस. रात्री दरवाजे लागले की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर.

या तटाने शेवटची लढाई पाहिली ती मे १८१८ मध्ये. दुसऱ्या बाजीरावाचे राज्य संपत आले होते आणि पेशव्यांची फौज इथे उतरलेली होती. जनरल मन्रोच्या सैन्याने शिड्या लावून आधी पेठेचा तट ओलांडला, मग किल्ल्याकडे तोफा वळवल्या. मेच्या मध्यावर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. पेठेच्या तटाला शिड्या लागू शकल्या, किल्ल्याला मात्र तोफा लावाव्या लागल्या. यावरून दोन्ही तटांच्या ताकदीतला फरक आपोआप कळतो.

तट पडला तो लढाईने नाही. १८६० मध्ये रेल्वे आली, कापसाचा आणि कापडाचा व्यापार वाढला, माणसे येत राहिली. चार किलोमीटरच्या घेरात गाव मावेना. १८७२ च्या सुमारास नगरपालिकेने पूर्वेचा सगळा तट आणि नैर्ऋत्य व उत्तरेकडचा काही भाग पाडून गावाला बाहेर पडायला वाट दिली. पाचच वर्षांनी, १८७७ मध्ये, जुनी मिल उभी राहिली आणि सोलापूर गिरणगाव झाले.

मला विचाराल तर तट पाडणे गरजेचेच होते. बंद गावात हवा नाही, पाण्याची अडचण, साथ आली की घरेच्या घरे ओस. पण एक तरी वेस, तिच्या दोन्ही बाजूंच्या बुरुजांसकट, ठेवायला हवी होती असे मला फार वाटते. आज सुनेला दाखवायला काही उरले नाही. उरली ती रिक्षावाल्याच्या तोंडातली नावे. एखाद्या रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत बाळीवेशीतून निघा, पेठांतून तुळजापूर वेशीला या, तिथून विजापूर वेशीला या. जुने गाव केवढे होते ते पायांना कळेल. बरोबर सासूबाई असतील तर चहाला मध्ये थांबा.

प्रश्न : सोलापूरचा किल्ला निजामशाही की आदिलशाही? दोन पुस्तकांत दोन उत्तरे वाचली.
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : दोन्ही पुस्तके आपापल्या जागी खरी असणार. किल्ला मूळचा बहमनी काळातला. बहमनी राज्य फुटल्यावर सोलापूर विजापूर आणि अहमदनगर यांच्या मधोमध सापडले, आणि दोन लग्नांत त्याचे नाव आले. १५२४ मध्ये विजापूरच्या इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम हिचे लग्न बुऱ्हाण निजामशहाशी झाले. सोलापूर हुंड्यात द्यायचे ठरले होते, पण ते दिले गेले नाही. त्या एका न दिलेल्या हुंड्यापायी दोन घराण्यांत कितीदा तरी लढाया झाल्या. मग १५६४ च्या सुमारास उलट वरात निघाली. हुसेन निजामशहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूर दिले. तीच पुढे अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी.

ज्याच्या हाती किल्ला आला त्याने तो डागडुजला. म्हणून एकाच तटात घडीव चिऱ्यांचा थर दिसतो आणि त्याच्या डोक्यावर ओबडधोबड दगडांचा. मधेच मंदिराचे कोरीव दगडही बसवलेले आहेत. कुठे हत्ती, कुठे मोर, कुठे माणसांच्या आकृती. ते दगड बघताना मी नेहमी थबकतो. एका कारागिराने ते दर्शनासाठी कोरले आणि दुसऱ्याने भराला वापरले, तरी आठ-नऊशे वर्षांची छिन्नीची धार अजून बोटाला लागते.

प्रश्न : विजापूरला गोलघुमट पाहून परतताना उपली बुरूज पाहिला. तो गावाच्या तटावर नाहीच, आत एकटा उभा आहे. तटापासून दूर बुरूज बांधून काय उपयोग? आणि मुलुखमैदान तोफेचा बुरूज यापेक्षा मोठा का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सात रस्ता

उत्तर : साहेब, या बुरुजाशी माझे जुने नाते आहे, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

मी चौदा वर्षांचा असताना वडिलांनी मला विजापूरला नेले. तेव्हा होटगीवरून मीटरगेज गाडी जायची. गोलघुमटात मी आरोळ्या ठोकून आलो, वडील मात्र बाहेरच्या तटापाशीच रमले होते. विजापूरचा तट अली आदिलशहाने तालिकोटच्या लढाईच्या वर्षी, १५६५ मध्ये, पुरा केला. त्याचा घेर सुमारे दहा किलोमीटर, बुरूज ९६, आणि मोठे दरवाजे पाच. तटाचे तुकडे सरदारांना वाटून दिले होते असे तिथे सांगतात. वडील म्हणाले, ‘सांगायला कशाला पाहिजे, दिसतंय की.’ आणि त्यांनी मला दाखवले. इथवर चिरे नीट घडवलेले, दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, बारीक. इथून पुढे दगड तसाच उचलून लावलेला आणि चुना जास्त. एका भिंतीत दोन माणसांचे स्वभाव मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

उपली म्हणजे वरचा, उंचावरचा. हा बुरूज हैदरखान या सरदाराने १५८४ च्या सुमारास बांधला, म्हणून त्याला हैदर बुरूजही म्हणतात. लोककथा अशी की, तटाचे तुकडे वाटले तेव्हा हैदरखान मोहिमेवर होता. परत आल्यावर आपला वाटा राहिला म्हणून तो खट्टू झाला, तेव्हा त्याला सगळ्यांहून उंच बुरूज बांधायची परवानगी मिळाली. कथा गोड आहे. पण जागा बघा. तो गावातल्या उंचवट्यावर आहे आणि स्वतः सुमारे ८० फूट उंच आहे. तटावरच्या बुरुजाचे काम तटाचा पाया राखायचे, ते वरच्या उत्तरात लिहिलेच आहे. उपलीचे काम निराळे. त्याने तटाच्या डोक्यावरून पलीकडचे मैदान बघायचे आणि तोफा तटावरून पलीकडे टाकायच्या. शत्रू खंदकापर्यंत यायच्या आधी, तळ टाकत असतानाच त्याला गाठायचे. त्यासाठी तटाला खेटून असायची गरज नाही, उंची पाहिजे.

जिना बाहेरून वेटोळे घेत चढतो हे आपण पाहिलेच असेल. आतून जिना काढला असता तर बुरुजाचे पोट पोकळ झाले असते, आणि वर तोफा ठेवायच्या म्हणजे पोट भरीव हवे. वर जी लांबलचक तोफ आहे तिची लांबी तीस फुटांच्या आसपास. ती ओतीव नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या नळीसारख्या एकत्र धरून त्यांवर तापवलेली कडी एकामागून एक चढवली आहेत. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव चढवतो, तीच रीत. लोखंड थंड होते, आकसते आणि आतले आवळून धरते. वडील त्या तोफेवर हात फिरवत कड्या मोजत होते, आणि मी कंटाळून खाली जाऊ या म्हणून पाठीमागे लागलो होतो. आज ती गडबड केली नसती तर बरे झाले असते असे वाटते.

मुलुखमैदान मात्र ओतीव आहे. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ती ओतली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहासारखा जबडा आणि त्याच्या दातांत चिरडलेला हत्ती. अहमदनगरहून ती परांड्याच्या किल्ल्यात आली आणि तिथून १६३२ मध्ये मुरार जगदेवाने विजापूरला नेली. ती आज आहे त्या शेर्झा बुरुजावरचा लेख सांगतो की तो बुरूज दुसऱ्या अली आदिलशहाच्या काळात, १६५८ मध्ये, पाच महिन्यांत उभा राहिला. अशी अवजड तोफ वागवायला बुरूज उंच नको, रुंद हवा. मध्ये खुंटा, त्याभोवती तोफ फिरायला मोकळे आवार, आणि धक्का सोसायला भरगच्च भराव. आपल्याला तो मोठा वाटला याचे कारण हे. उंचीने उपली सरस, घेराने आणि भाराने शेर्झा.

एवढा तट, एवढे बुरूज असूनही औरंगजेबाने १६८५ मध्ये वेढा घातला आणि सप्टेंबर १६८६ मध्ये विजापूर पडले. पण दीड वर्षाच्या आसपास गाव झुंजले. आतली रसद सरली, बाहेरून मदत आली नाही. बुरुजांनी आपले काम चोख केले असेच मी म्हणेन.

आणखी एक हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५४ मध्ये साताऱ्याच्या इंग्रज अधिकाऱ्याने विजापूरचे निरुपयोगी सामान विकून टाकण्याचा हुकूम काढला. मुलुखमैदानही त्यात होती. लिलावात सर्वांत मोठी बोली लागली १५० रुपयांची. तिथल्या मामलेदाराला ही किंमत फारच थोडी वाटली. लोक त्या तोफेला मानतात हेही त्याने पाहिले होते. त्याने वर लिहून कळवले आणि विक्री रद्द झाली. त्या एका कागदाने तोफ राहिली. मी नोकरीत असताना जुनी वास्तू पाडण्याचा कागद टेबलावर आला की मला हा मामलेदार आठवायचा.

प्रश्न : आमची आजी सांगायची की सोलापूरच्या किल्ल्यातला एक बुरूज बांधला की खचायचा, म्हणून पद्मावती नावाच्या बाईला त्यात जिवंत पुरले, तेव्हा तो टिकला. हे खरे मानायचे का? मुलांना सांगताना माझा जीव घाबरतो.
— एक आई, शुक्रवार पेठ

उत्तर : ताई, ही गोष्ट आमच्याही घरी होती. मी लहानपणी त्या बुरुजाकडे पाठ करून उभा राहत नसे. अशीच गोष्ट किती तरी किल्ल्यांच्या, धरणांच्या, पुलांच्या नावाने महाराष्ट्रभर आणि कर्नाटकातही सांगतात. नाव बदलते, बाई तीच. बहुतेक वेळा सून किंवा गरोदर लेक.

बळी दिल्याने भिंत टिकते, हे मात्र मुलांना कधीही खरे म्हणून सांगू नका. भिंत पायाने टिकते. आपल्या सोलापूरची जमीन आठवा. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर भिंत वर्षाला एकदा उचलली जाते आणि एकदा बसते. शेजारी तलाव आणि खंदक, म्हणजे पायात पाणी कायमचे. अशा जागी भरीव बुरूज, त्याचे हजारो खंडी वजन, आणि पाया कडक मुरुमापर्यंत गेलेला नसेल तर तो खचणारच. कुणाचा जीव घेतला म्हणून तो थांबत नाही. खोल खणून पक्क्या थराला पाय टेकवले, चुना मुरायला दिवस दिले, की थांबतो. वडिलांचा नियमच होता, पहार टणत्कार करेपर्यंत पाया खणायचा.

तरीही गोष्ट टाकून देऊ नका असे मला वाटते. तो बुरूज एकदा नाही, अनेकदा खचला असावा आणि गावाला त्याची धास्ती बसली असावी, ही आठवण त्या गोष्टीत आहे. आणि बांधकामावर मेलेल्या माणसांचीही. उंच कामावरून पडून, दगडाखाली सापडून गवंडी, बेलदार, चुना वाहणाऱ्या बायका मेल्या असणारच. त्यांची नावे कुठल्याच शिलालेखात नाहीत. मुलांना सांगताना मी म्हणतो, ‘पद्मावती नावाची बाई लोकांनी लक्षात ठेवली, कारण बुरूज बांधताना माणसे जात होती.’ मुले घाबरत नाहीत, गप्प होतात. मग हळूच विचारतात, की त्या बायकांना मजुरी किती मिळायची.

प्रश्न : आमच्या गावात जुनी गढी आहे. चारपैकी एकच बुरूज उरला आहे. त्याच्या डोक्यावर पिंपळ उगवलाय आणि मधून तडा गेलाय. गावातल्या मंडळींनी वर्गणी काढली आहे. पावसाळ्याआधी सिमेंटने दरजा भरून, पिंपळ उपटून टाकायचा विचार आहे. आपले मत कळवावे.
— एक ग्रामस्थ, बार्शी तालुका

उत्तर : मंडळींनी वर्गणी काढली हे वाचून फार बरे वाटले. पण कृपा करून सिमेंट थांबवा. पिंपळही उपटू नका. हे मी माझ्या हातून झालेल्या चुकीवरून सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका जुन्या दगडी भिंतीची डागडुजी माझ्याकडे होती. मी दरजांतला भुसभुशीत चुना खरवडून घेतला आणि सिमेंट भरले. भिंत नवी दिसू लागली, सगळ्यांनी कौतुक केले. वडील येऊन बघून गेले आणि एवढेच म्हणाले, ‘तिचा श्वास कोंडलास.’ तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट सुटले. वरून शिरलेले पाणी पूर्वी चुन्याच्या दरजांतून बाहेर झिरपून वाळत होते, आता ते आतच अडले. आतला भराव चिखल झाला आणि त्याने समोरचे दगड ढकलले. चौथ्या वर्षी ती भिंत पडली. रात्री पडली म्हणून कुणी सापडले नाही.

तुमच्या बुरुजाचे पोट भरीवच असणार. तेव्हा पहिले काम डोक्यावरचे. वर चढून (शिडी लावून, तटाला धरून नव्हे) पाणी कुठे साचते ते बघा. जुनी पन्हाळी असेल तर ती माती-पाल्याने बुजलेली सापडेल. ती मोकळी करा. वरच्या भरावाला बाहेरच्या बाजूने उतार द्या आणि त्यावर चुन्याचा कोबा करा. एवढ्यानेच निम्मे दुखणे थांबते.

पिंपळाची मुळे आता दगडांच्या मध्ये पाचरीसारखी आहेत. ओढाल तर पाचर निघेल आणि तिच्याबरोबर दगडही. बुंधा दगडाच्या सपाटीला कापा. उरलेल्या खुंटाला भोक पाडून मूळ मारणारे औषध घालावे लागते, ते माहितगार माणसाच्या हातूनच घाला, खाली विहीर असेल तर आधी त्याला सांगा. मूळ आतच मरू द्या. ते वाळले की पोकळीत पातळ चुना ओता.

तड्याचे आधी लक्षण बघा, मग औषध. तड्यावर आडवी चुन्याची पट्टी मारा, वीतभर लांब, बोटभर जाड. ती वाळली की तिच्यावर तारीख लिहा. अशा तीन पट्ट्या मारा, खाली, मध्ये आणि वर. पट्टी तशीच राहिली तर तडा जुना आहे, थांबलेला आहे. पट्टी तडकली तर बुरूज अजून हलतो आहे. मग वर्गणीतले पैसे आधी पायाकडे वळवावे लागतील, आणि हे काम पाहण्यासाठी जुन्या वास्तूंचे काम करणारा अभियंता आणा.

दरजांसाठी चुनाच. चुनखडीचा चुना खड्ड्यात विरवून निदान काही आठवडे पाण्याखाली ठेवा, मग वाळू आणि विटांची भुकटी घालून नीट मळा. वडील त्यात गुळाचे आणि हिरड्याचे पाणी घालायचे. दरज आधी ओली करा, चुना दाबून भरा, वरून ओले गोणपाट टाका. उन्हात काम करू नका. पावसाळा तोंडावर असेल तर दरजा दिवाळीनंतर भरा, कारण ओला चुना पहिल्याच सरीत वाहून जातो. या पावसाळ्यापुरते पन्हाळी, उतार आणि पिंपळाची कापणी एवढेच करा.

काम सुरू करण्याआधी गढी संरक्षित स्मारकांच्या यादीत आहे का ते पुरातत्त्व खात्याकडे विचारून घ्या. असेल तर परवानगीशिवाय दगडाला हात लावता येत नाही. आणि जून ते सप्टेंबर बुरुजाच्या सावलीत जनावरे बांधू नका, पोरांना खेळू देऊ नका.

मला फोटो पाठवा. चारही बाजूंचे हवेत, आणि प्रत्येक फोटोत बुरुजापासून चार हात लांब एक माणूस उभा करा म्हणजे मला उंची कळेल. चुन्याच्या पट्ट्यांचे फोटो महिन्याने पुन्हा काढा. तारीख वाचता येईल इतक्या जवळून.